लंडनला बदली, पगार ४५ हजार पौंड: हॅरो, हाउन्स्लो, स्लफ की आणखी कुठे?

रानफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही पुण्याचे, सिंहगड रोडला राहतो. नवऱ्याला लंडनमधल्या कंपनीची ऑफर आलीय, पगार वर्षाला ४५,००० पौंड. ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ, आठवड्यातून तीन दिवस जायचं. व्हिसा तीन वर्षांचा. मुलगा सात वर्षांचा आहे, नोव्हेंबरात आठ पूर्ण होतील. मी अकाउंट्समध्ये आहे, तिकडे काम शोधणारच, पण सुरुवातीला एकाच पगारात भागवायचं असं धरून चाललोय. शिल्लक बारा लाखांच्या आसपास. इथल्या फ्लॅटचा हप्ता भाड्यातून निघेल.

ओळखीच्यांनी तीन नावं सांगितली: हॅरो, हाउन्स्लो आणि स्लफ. हॅरोत आपली माणसं पुष्कळ, स्लफला घरं स्वस्त, असं ऐकलंय. नकाशावर तिन्ही पश्चिमेलाच दिसतात. जुलैत निघायचंय. दोन खोल्या, बरी शाळा आणि महिनाअखेर खात्यात चार पैसे उरावेत, एवढीच अपेक्षा. कुठलं गाव निवडावं?

वडापाव_झोन५

आधी एक, स्लफ नाही, स्लाव. मी पहिल्या आठवड्यात स्टेशनवर तीनदा स्लफ म्हणालो, समोरचा माणूस नम्रपणे तीनदा सॉरी म्हणाला.

आता हिशोब. ४५ हजारांवर कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याची वर्गणी) जाऊन महिन्याला तीन हजारांना थोडे कमी हातात येतात. पेन्शन कापली की २८५० धरा. हॅरोत वन बेडचं (म्हणजे आपला वन बीएचके) भाडं १४०० ते १५००, टू बेड १७०० च्या पुढे. तुम्ही टू बेडचं नाव सध्या काढू नका. १४५० भाडं, काउन्सिल टॅक्स (तिथल्या पालिकेचा कर) १७५, वीज-गॅस-पाणी-नेट २००, तीन दिवसांचं जाणं-येणं १५० च्या आसपास. झाले १९७५. उरले ८७५. त्यात किराणा, फोन, मुलाचे बूट, सगळं. चालतं, पण चैन नाही. काउन्सिल टॅक्स लोक नेहमी विसरतात. तो घरमालक नाही, भाडेकरू भरतो.

कडीपत्ता

रानफूल, गावाचं नंतर बघू. कंपनी हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) कोणाकोणाचा भरतेय?

रानफूल

फक्त नवऱ्याचा. आमचा दोघांचा आम्ही भरायचा असं एचआर म्हणाली. किती असतो?

कडीपत्ता

मोठ्या माणसाचा वर्षाला १,०३५ पौंड, मुलाचा ७७६. तीन वर्षांचे तुमचे ३,१०५ आणि मुलाचे २,३२८. एकूण ५,४३३. अर्ज करतानाच, एकरकमी. हप्ते नाहीत. व्हिसाची फी वेगळी, विमानाची तिकिटं वेगळी.

तुमचे बारा लाख म्हणजे साधारण दहा हजार पौंड. निम्मे इथेच गेले. घर घेताना पहिल्या महिन्याचं भाडं आणि पाच आठवड्यांचं डिपॉझिट लागतं. १४५० च्या घराला ते सव्वाएकतीसशेच्या आसपास होतं. आणि घर मिळेपर्यंत तीन-चार आठवडे कुठेतरी राहायचं, ते तिघांचं फुकट होत नाही.

घाबरवत नाहीये. पण आम्ही हा आकडा व्हिसाचा फॉर्म भरताना शेवटच्या पानावर पाहिला होता, रात्री साडेअकराला. तुम्ही निदान आधी पाहा.

रानफूल

बापरे. हे खरंच माहीत नव्हतं. आज रात्री दोघं बसतो वही घेऊन.

लँग्लीकर

स्लावची नाहक बदनामी होते म्हणून लिहितो. गेली सहा वर्षं स्लावच्या पूर्वेला लँग्लीत आहे. एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने लिव्हरपूल स्ट्रीटला गाडी न बदलता तासाच्या आत पोहोचतो. हॅरोत वन बेडला जे पैसे मोजाल त्यात थोडी भर घातली की इथे टू बेड. स्लाव ट्रेडिंग इस्टेट ही कंपन्यांची वसाहत गावातच, अकाउंट्सची कामं तिथे असतात, वहिनींना दररोज लंडन गाठायला नको. आणि मुख्य म्हणजे ग्रामर स्कूल. इथे अकराव्या वर्षीच्या प्रवेशासाठी परीक्षा असते, पास होऊन जागा मिळाली तर सरकारी खर्चात उत्तम शाळा. हॅरो बरोमध्ये (बरो म्हणजे लंडनचा पालिका-विभाग) सरकारी ग्रामर स्कूल एकही नाही. तिथली पोरं इकडेतिकडे परीक्षा देत फिरतात.

वडापाव_झोन५

लँग्लीकर, तिकिटाचं पण सांगा की.

लँग्लीकर

सांगतो ना. महाग आहे. स्लाव लंडनच्या झोनांच्या (तिकिटाच्या टप्प्यांच्या) बाहेर पडतं. वेस्ट ड्रेटनच्या पुढे ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं प्रीपेड) कार्डही चालत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डच टॅप करावं लागतं. नवीन माणूस ऑयस्टर घेऊन येतो आणि गेटवर अडकतो. आठवड्याला तीन दिवस असेल तर भाड्यात वाचलेलं तिकिटात पूर्ण जात नाही. पाच दिवस झाले तर जातं. ऑफर लेटरमध्ये 'तीन दिवस' लिहून आलंय का, तोंडी आहे, ते बघा. आमच्याकडे दोनाचे चार कधी झाले कळलं नाही.

पऱ्हाटी

स्लावच्या काउन्सिलनं २०२१ मध्ये हात वर केले होते, पैसे संपले म्हणून. २०२३ ला एका झटक्यात जवळपास दहा टक्के टॅक्स वाढवला. मी तेव्हा तिथंच होतो. भाडं स्वस्त म्हणून गेलो अन् वरून हे. लायब्ररीचे तास कमी, कचऱ्याच्या गाडीची वाट पाहा. बाकी गाव वाईट नाही, लोक चांगले. पण गाव निवडताना काउन्सिलची तब्येत बघा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हॅरोचे_आजोबा

रानफूल बाई, मी हॅरोत १९८७ पासून आहे. तुम्ही लिहिलं, हॅरोत आपली माणसं पुष्कळ. थोडं दुरुस्त करतो. इथे मोठी वस्ती गुजराती मंडळींची आणि श्रीलंकेच्या तमिळ लोकांची. मराठी माणसं विखुरलेली. तुम्हाला आपली माणसं म्हणजे भाजी, पोहे, कढीपत्ता मिळण्याची सोय म्हणायचं असेल तर हॅरो, वेंब्ली, साउथॉल कुठेही या. मराठी बोलणारी माणसं हवी असतील तर त्यासाठी गाव बदलावं लागत नाही. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, मंडळाची स्थापना १९३२ ची. गणपतीत स्लावहूनही लोक येतात, क्रॉयडनहूनही येतात. वर्षातून चार वेळा जाण्याच्या जागेजवळ घर कशाला?

हॅरोचा काउन्सिल टॅक्स लंडनमधल्या चढ्यांपैकी आहे, हे मात्र खरं. मी दर एप्रिलला पत्र उघडतो आणि सौ. मला पाणी देतात.

धावपट्टी

हाउन्स्लोबद्दल कोणीच लिहीना म्हणून. घर बघायला सकाळी आणि दुपारी तीननंतर असं दोनदा जा. विमानं पश्चिमेकडे उडत असताना हीथ्रोला उतरण्याची धावपट्टी दुपारी तीनला बदलतात. मी सकाळी अकराला घर पाहिलं, काय ती शांतता. सही केली. राहायला गेल्यावर कळलं की त्या आठवड्यात आमची पाळी दुपारची होती. आता सवय झालीय, फोनवर आई म्हणते विमानतळावर आहेस का. तुमच्या ऑफिसला पिकॅडिली लाइनने मध्ये बदलावं लागेल. त्यामुळे तुमच्यासाठी तरी नको.

रानफूल

सगळ्यांचे आभार. रात्री हिशोब केला. तिघं एकदम आलो तर ऑगस्टअखेर खात्यात हजार पौंडही राहत नाहीत. नवरा म्हणतो, त्याच्या भावाकडून घेऊ. मी म्हणते, नको. तूर्त घरात शांतता आहे, म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाहीये.

कडीपत्ता

मग आता खरा सल्ला देते. त्यांना एकटं येऊ दे. शेअर्ड घरात एक खोली, बिलं आणि टॅक्स धरून सातशे ते साडेआठशेला मिळते. सहा महिने तसे काढले की पैसे साठतात. आणि मुख्य म्हणजे गाव पुण्यात बसून निवडायचं नाही, त्यांनी तिथून रोज जाऊन येऊन निवडायचं.

सरचार्जची एक खोच आहे. वर्षाचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर पूर्ण वर्षाचे पैसे घेतात, लहान असेल तर निम्मे. म्हणजे त्यांच्या व्हिसाची अडीच वर्षांहून कमी मुदत उरलेली असताना तुम्ही दोघांनी अर्ज केलात, तर तीनऐवजी अडीच वर्षांचा भरावा लागेल. ५,४३३ चे साधारण सव्वापंचेचाळीसशे. नऊशे पौंड वाचतात. व्हिसावरच्या नेमक्या तारखा मांडून मगच ठरवा, एका दिवसाने चुकू शकतं.

पऱ्हाटी

नऊशे पौंडासाठी पोराला सहा महिने बापापासून दूर ठेवायचं?

कडीपत्ता

नऊशेसाठी नाही. हातात पैसे नसताना घर घेतलं की माणूस मिळेल ते घेतो, त्यासाठी. आमचं पहिलं घर तसंच घेतलं होतं. पुण्याहून फोटो पाहून, एका एजंटाला आगाऊ पैसे देऊन. ऑक्टोबरात बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी चढली. मुलीचा खोकला मार्चपर्यंत गेला नाही. एजंट म्हणे खिडक्या उघडा. बाहेर दोन डिग्री.

इन्स्पेक्टर_ओलसर

+१. घर पाहताना करायची कामं: कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा. बाथरूमला खिडकी किंवा पंखा आहे का बघा. ताजा पांढरा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिसला तर नाकाने तपासा. एनर्जी सर्टिफिकेट (घर किती ऊर्जा खातं त्याची ए ते जी श्रेणी) मागा, डी किंवा वर बरं, ई असेल तर गॅसचं बिल भाड्यात मिळवून मग स्वस्त आहे का ठरवा. प्रीपेड मीटर आहे का विचारा. आणि सगळ्यात आधी, कपडे वाळवणार कुठे? पुण्यातल्या बाल्कनीचा विषय इथे संपला.

सुलूमावशी

शाळेबद्दल सांगते, मी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. इथे तुम्ही फक्त पसंती कळवता, जागा असेल ती शाळा काउन्सिल देते. घराचा पत्ता हातात आल्यावर 'इन-इयर', म्हणजे वर्षाच्या मधल्या प्रवेशाचा, अर्ज करायचा. लहान वर्गांना, म्हणजे रिसेप्शन, इयर १ आणि २ ला, तीसची कायदेशीर मर्यादा आहे. एकतीसावं मूल सहसा घेतच नाहीत. तुमचा मुलगा सप्टेंबरपासून इयर ३ मध्ये बसेल. तिथे ती मर्यादा कायद्याने नाही, शाळा स्वतःची ठेवतात, पण थोडी हालचाल शक्य असते. वेटिंग लिस्टला शाळेपासूनचं अंतर बहुधा महत्त्वाचं. त्यामुळे 'चांगल्या शाळेजवळ' म्हणून जास्तीचं भाडं भरून गेलात आणि जागा नसली तर भाडं तेवढं राहतं.

आणखी एक, जे स्लाव-हॅरोच्या भांडणात कोणी बोललं नाही. इयर २ पर्यंत इंग्लंडभर शाळेतलं जेवण मोफत. इयर ३ पासून ते थांबतं. पण लंडनच्या बरोंमध्ये महापौरांच्या योजनेतून सरकारी प्राथमिक शाळेत इयर ६ पर्यंत सगळ्यांना मोफत आहे. स्लाव लंडनमध्ये येत नाही. तुमचं लेकरू नेमकं इयर ३ चं. रोजचा डबा किंवा रोजचे पैसे, वर्षभराचे मोजून बघा.

लँग्लीकर

मावशी, हा बाण जिव्हारी लागला. बरोबर आहे.

डबल_डेकर

मिल्टन कीन्समध्ये राहतो. घरं मोठी, रस्त्यांवर जागोजागी गोल चौक, गाडीशिवाय जमत नाही. ऑफिस आठवड्याला एक दिवस असतं तर म्हणालो असतो या. तीन दिवसांना ट्रेनचं तिकीट घाम काढतं. गाडीचंही सांगतो, भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने चालवता येते, पण इन्शुरन्सचा आकडा पाहून चालवावीशी वाटत नाही.

दुधीभोपळा

सगळे मोठमोठ्या गावांची नावं घेताय. मी एक छोटं सांगतो, हसू नका. नॉर्थॉल्ट.

झोन ५, सेंट्रल लाइन. लिव्हरपूल स्ट्रीटला थेट, न बदलता, पाऊण तासात. बरो ईलिंग, काउन्सिल टॅक्स हॅरोपेक्षा कमी. दारातून १४० नंबरची बस साउथ हॅरोवरून हॅरोला, १२० नंबरची साउथॉलला. म्हणजे भाजी साउथॉलची, दवाखाना-बाजार हॅरोचा आणि भाडं दोन्हीकडच्या नामांकित भागांपेक्षा शे-दीडशेनं कमी. बसला तासाभरात कितीही बदला, भाडं एकदाच. अकरा वर्षांखालच्या पोरांना बस फुकट.

दोषही सांगतो. गावाला गावपण नाही. एक रस्ता, चार दुकानं, शेजारून ए४० हायवे घोंघावतो. उन्हाळ्यात सेंट्रल लाइनच्या डब्यात एसी नाही, जुलैत नवरा इडली होऊन घरी येईल. हॅरोच्या मेट्रोपॉलिटन लाइनला एसी आहे, एवढं मान्य करतो. पाहुण्यांना 'आम्ही नॉर्थॉल्टला राहतो' सांगितलं की ते म्हणतात, कुठे? मी म्हणतो, हॅरोजवळ. सगळं लंडन असंच कशाच्या तरी जवळ राहतं.

हॅरोचे_आजोबा

दुधीभोपळा यांचं म्हणणं योग्य आहे. आम्ही नॉर्थॉल्टला नाकं मुरडत आलो, ते आमचं चुकलंच. गाव बघू नका, स्टेशनपासून दारापर्यंत किती मिनिटं चालायचं ते बघा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. पाऊस, अंधार आणि पंचवीस मिनिटांची चाल, याचं भाडं कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

वडापाव_झोन५

भाड्याच्या कायद्याचं राहिलं. पूर्वी इथे क्रेडिट हिस्टरी नसली की एजंट सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही, जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा वर बोली लावायलाही बंदी. नवीन माणसाला दिलासा आहे, पण दुसरी बाजू अशी की आता गॅरेंटर (जामीन राहणारा माणूस) मागतात. कंपनीचं पत्र, पगाराच्या दोन-तीन स्लिपा आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (समोरच्याला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून) तयार ठेवा. एकट्याने सहा महिने काढले तर स्लिपा आपोआप जमतात, हाही कडीपत्ता यांच्या सल्ल्याचा फायदाच.

रानफूल

ठरलं. तो जुलैत एकटा जातोय. साउथ हॅरोला एक खोली बघितलीय, व्हिडिओ कॉलवर. तिथे पोहोचल्यावरच पैसे देणार (धन्यवाद कडीपत्ता). मुलाला सांगितलं, त्याने फक्त विचारलं की बाबाची खुर्ची मला मिळेल का.

रानफूल

ऑक्टोबरची खबरबात. अहो साउथ हॅरोच्या खोलीत रुळलेत. घरात चार जण, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. खोली ७७५, सगळं धरून. दर शनिवारी एक गाव बघायचं असा नेम केलाय. लँग्लीही पाहिलं, लँग्लीकर, घरं खरंच मोठी आहेत. पण तो एका सोमवारी मुद्दाम लँग्लीहून ऑफिसला गेला आणि तिकिटाचा आकडा मला फोनवर दोनदा वाचून दाखवला. ऑफिसही आता चार दिवसांवर आलंय. तोंडीच होतं ते तीन.

लँग्लीकर

म्हणालो नव्हतो का!

रानफूल

फेब्रुवारी. आम्ही आलो.

घर नॉर्थॉल्टला मिळालं. वन बेड, १३५०, पहिला मजला, स्टेशनपासून नऊ मिनिटं (मी मोजली, आजोबा). कपाट ओढून बघितलं, एजंट आमच्याकडे बघत राहिला. आधी पाहिलेलं एक १२५० चं सोडलं. तिथे एकाच कोपऱ्यात पांढरा रंग होता. अर्ज जानेवारीत केला, सरचार्ज अडीच वर्षांचाच लागला. भावाकडून एक पैसा घेतला नाही. दिराला अजून माहीत नाही की असा विषय घरात निघाला होता.

शाळा पहिल्या पसंतीची मिळाली नाही. दुसरीही नाही. मिळाली ती बसने पाच थांबे लांब आहे. मला वाईट वाटलं होतं, पण बाई चांगल्या आहेत. पहिल्या दिवशी भाजलेला बटाटा आणि त्यावर बेक्ड बीन्स खाऊन आला. म्हणाला, आई, राजमा गोड होता.

दुधीभोपळा

स्वागत आहे! कुठे, कोणत्या बाजूला? १४० च्या स्टॉपवर भेटू.

वडापाव_झोन५

गोड राजमा हे पुढच्या धाग्याचं नाव असू द्या. आता खरं सांगा, महिनाअखेर किती उरले?

रानफूल

डिपॉझिट सोडून बोलायचं तर वजा चाळीस. तिघांची जॅकेटं आणि एक कपडे वाळवायचा स्टँड. मार्चचं मार्चला सांगते.